नदीकाठच्या पबचे वय कोणत्या विटेवरून मोजायचे?

पूर्व लंडनच्या वॉपिंग भागात ‘प्रॉस्पेक्ट ऑफ व्हिट्बी’ या पबच्या भिंतीला लागून एक अरुंद बोळ जातो आणि तो संपतो तिथून पेलिकन स्टेअर्स नावाच्या पायऱ्या थेट टेम्सच्या पात्रात उतरतात. समुद्रापासून इतक्या आत असूनही लंडनमध्ये टेम्सला भरती-ओहोटी आहे आणि उधाणाच्या दिवसांत पाण्याच्या पातळीत सुमारे ७ मीटरचा, म्हणजे दोन मजल्यांएवढा फरक पडतो. ओहोटी लागली की पायऱ्यांच्या तळाशी गोटे आणि चिखल उघडे पडतात. तिथे उभे राहून वर पाहिले की या इमारतीची खरी ओळख पटते. रस्त्याच्या बाजूने शांत आणि नीटनेटकी दिसणारी ही वास्तू पाण्याच्या बाजूने मात्र सज्जे, खांब, खिडक्या आणि वेळोवेळी केलेल्या डागडुजीने भरलेली आहे. एका माणसाने एका वेळी कागदावर काढलेली ही इमारत नाही, हे सांगायला तिथे कोणाची गरज पडत नाही.

या पबचा इतिहास साधारण १५२० पासूनचा सांगितला जातो आणि टेम्सकाठचा सर्वांत जुना पब आपणच, असा त्याचा दावा आहे. प्रत्यक्षात आज उभ्या असलेल्या इमारतीत त्या सुरुवातीच्या काळातले म्हणून दाखवले जाते ते फक्त खालचे दगडी फरशीचे जमिनीचे काम, आणि तेही सुमारे ४०० वर्षांचे मानले जाते. भिंतींना लावलेले लाकडी पॅनेल अठराव्या शतकातले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आग लागून इमारत पुन्हा बांधावी लागली आणि रस्त्याकडचा दर्शनी भाग त्या शतकातला आहे. डिसेंबर १९५० मध्ये ती संरक्षित वास्तूंच्या यादीत ‘ग्रेड टू’ म्हणून नोंदली गेली, आणि लगेच पुढच्या वर्षी, १९५१ मध्ये, आतली रचना बदलून वरचा मजला नदीचे दृश्य दिसावे म्हणून मोकळा करण्यात आला. मग या वास्तूचे वय किती म्हणायचे? ५०० वर्षे, २०० वर्षे की ७० वर्षे? अशा वास्तूंचे भवितव्य ठरवताना हा प्रश्न हटकून पुढे येतो, आणि माझ्या मते तो प्रश्नच चुकीच्या पद्धतीने विचारला जातो.

मराठी वाचकासाठी एक गोष्ट आधी स्पष्ट करायला हवी. आपल्याकडे पब म्हटले की पुण्या-मुंबईतले कर्णकर्कश संगीताचे आणि रंगीत दिव्यांचे ठिकाण डोळ्यांसमोर येते. इंग्लंडमधला पब त्या अर्थाचा नाही. ‘पब्लिक हाउस’ म्हणजे लोकांना खुले असलेले घर. मालक वरच्या मजल्यावर राहणार, खालच्या खोल्यांत गावकरी बसणार, बातम्या कळणार, कामे मिळणार, वर्गण्या गोळा होणार. आपल्या गावातला पार आणि चावडी यांचे काम तिथे बिअरच्या पेल्याभोवती होत असे. हे समजून घेतले की त्याच्या वास्तूकडे घराच्या बांधकामाची एक शाखा म्हणून पाहता येते, आणि त्यात फेरफार का होत गेले हेही उलगडते.

नदीकाठच्या पबला दोन तोंडे असतात, आणि त्याच्या रचनेची किल्ली इथेच आहे. १७५० मध्ये वेस्टमिन्स्टरचा पूल खुला होईपर्यंत मध्य लंडनमध्ये नदी ओलांडायला लंडन ब्रिज हा एकच पूल होता. माणसे आणि माल नावेतून जात. १५५५ च्या कायद्यानंतर नावाड्यांची संघटना आणि त्यांचे नियम पक्के झाले आणि काठावरच्या पायऱ्या हे त्यांचे थांबे होते. त्या काळात नदी हाच हमरस्ता होता, त्यामुळे पाण्याकडची बाजू ही इमारतीची पुढची बाजू होती आणि गल्लीकडची मागची. जागा नदीला काटकोनात, अरुंद आणि लांब पट्ट्यांत विभागलेली असे, कारण पाण्याला लागलेला प्रत्येक फूट मोलाचा होता. म्हणून लाइमहाउसच्या नॅरो स्ट्रीटवरचा ‘द ग्रेप्स’ हा पब आजही शेजारच्या घरांमध्ये दाटीवाटीने उभा राहिल्यासारखा अरुंद आहे. त्याची इमारत १७२० च्या दशकातली आणि तिथल्या पबची परंपरा मात्र १५८३ पासूनची सांगितली जाते. आत शिरल्यावर खोली चिंचोळी होत मागे जाते आणि अखेरीस पाण्यावर काढलेल्या लाकडी सज्जावर येऊन थांबते. पुढे पूल झाले, रस्ते सुधारले, आणि या इमारतींची पुढची बाजू मागची झाली. नवी पाटी आणि नवा दर्शनी भाग रस्त्याच्या बाजूला आला. प्रॉस्पेक्टचा एकोणिसाव्या शतकातला रस्त्याकडचा चेहरा मला या उलटापालटीचा पुरावा वाटतो, आणि म्हणूनच तो त्या जुन्या फरशीइतकाच महत्त्वाचा आहे.

त्या चेहऱ्याबरोबर नावही बदलत गेले. हा पब पूर्वी ‘पेलिकन’ होता, पुढे त्याच्या बदनामीमुळे ‘डेव्हिल्स टॅव्हर्न’ म्हणून ओळखला गेला, आणि अखेरीस शेजारी नांगर टाकणाऱ्या एका कोळसावाहू जहाजाचे नाव त्याला मिळाले. लंडनच्या चुली ईशान्येकडच्या टाइन नदीच्या खोऱ्यातून समुद्रमार्गे येणाऱ्या कोळशावर पेटत होत्या. अठराव्या शतकात वॉपिंग आणि शॅडवेलमध्ये जहाजातून कोळसा उतरवणाऱ्या हमालांना काम देणारे मुकादम बहुतेक वेळा पबचे मालकच असत. काम हवे असेल तर त्या पबमध्ये बसावे लागे, मजुरी तिथेच मिळे आणि तिचा मोठा हिस्सा तिथेच खर्च व्हावा अशी व्यवस्था असे. या पिळवणुकीविरुद्ध १७६८ मध्ये हमालांचे दंगे झाले आणि १८४३ मध्ये कायद्याने भरतीचे वेगळे कार्यालय उघडून ही पद्धत मोडावी लागली. हा इतिहास ध्यानात घेतला की पबमधल्या खोल्यांच्या विभागणीचा अर्थ लागतो. कोण कुठे बसणार, मालकाला कुठून कोण दिसणार, दार कोणत्या बाजूला उघडणार, यामागे मजुरीचे आणि वचक ठेवण्याचे गणित होते. १८०५ मध्ये लंडन डॉक्स सुरू झाले तेव्हा गोदीच्या उंच भिंती आणि नदी यांच्यामध्ये वॉपिंग एखाद्या बेटासारखे अडकले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ती गोदी बंद पडली आणि वखारींची जागा सदनिकांनी घेतली. या सगळ्या उलथापालथीत आपले मूळ काम करत राहिलेल्या इमारती या काठावर फार थोड्या आहेत, आणि त्यांत हा पब आहे.

आता मूळ वादाकडे येतो. अशा वास्तूबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. पहिल्या मताचे लोक म्हणतात की १५२० मधले इथे जवळजवळ काहीच उरलेले नाही. जे उरलेले नाही त्याच्या नावाखाली मालकाचे हात कशाला बांधायचे? दुसऱ्या मताच्या लोकांना ट्यूडर काळाची, म्हणजे मुख्यतः सोळाव्या शतकाची, इतकी ओढ असते की नंतरची भर त्यांना उपरी वाटते आणि काळ्या तुळया, कमी उंचीचे छत, मेणबत्तीसारखे दिवे लावून इमारत ‘मूळ रूपात’ आणावी असे ते सुचवतात. ही मते परस्परविरोधी वाटली तरी दोघांची समजूत एकच आहे: इमारतीला एक जन्मतारीख असते आणि तिची किंमत त्या तारखेपाशी साठवलेली असते. एकाला ती तारीख सापडत नाही म्हणून तो इमारत सोडून द्यायला तयार होतो, आणि दुसरा ती तारीख हाताने घडवायला निघतो. मला दोन्ही मते अमान्य आहेत. नदीकाठच्या पबची किंमत त्याच्या थरांमध्ये आहे. पाणी, आग, बॉम्ब, धंदा आणि कायदा यांना तोंड देत प्रत्येक पिढीने जे जोडले आणि जे काढले, त्या संपूर्ण साखळीचे जतन व्हायला हवे, आणि त्यात १९५१ चे कामही आले.

दुसऱ्या मताचा मोह किती मोठा असतो हे नदीपलीकडे रॉदरहाइथला दिसते. तिथला ‘मेफ्लॉवर’ हा पब पूर्वी ‘स्प्रेड ईगल अँड क्राउन’ या नावाने चाले. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्याने त्याचे मोठे नुकसान झाले आणि १९५० च्या दशकात दुरुस्ती होऊन त्याला आजचे नाव मिळाले. १६२० मध्ये इंग्रज वसाहतकऱ्यांना घेऊन अमेरिकेला गेलेल्या ‘मेफ्लॉवर’ या प्रसिद्ध जहाजाशी या भागाचा संबंध खरा आहे. जहाजाचा कप्तान ख्रिस्तोफर जोन्स याला १६२२ मध्ये जवळच्याच सेंट मेरी चर्चच्या आवारात पुरले. पण आज त्या खोलीतल्या लाकूडकामात बसणारा पाहुणा आपण सतराव्या शतकात बसलो आहोत असे समजतो आणि त्याच भिंतींनी सोसलेला बॉम्बहल्ला त्याच्या गावीही नसतो. त्या दुरुस्तीत मला काही खोटे दिसत नाही. उद्ध्वस्त गोदीच्या वस्तीने आपला पब पुन्हा उभा केला ही तर अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे, आणि तीच झाकली जाते याचे मला वाईट वाटते.

या प्रश्नाचे सर्वांत नेमके उत्तर ज्याने दिले तो माणूस योगायोगाने एका नदीकाठच्या पबचाच शेजारी होता. पश्चिम लंडनमध्ये हॅमरस्मिथच्या अप्पर मॉल या काठावर ‘द डव्ह’ हा अठराव्या शतकाच्या आरंभीचा छोटासा पब आहे; त्यातली एक खोली इतकी लहान आहे की मोजकी माणसे उभी राहिली की ती भरते. त्याच काठावर काही पावलांवर केल्म्स्कॉट हाउसमध्ये कवी आणि कलाकार विल्यम मॉरिस १८७८ पासून १८९६ मध्ये मृत्यू येईपर्यंत राहिला. तिथे येण्याच्या आदल्याच वर्षी, १८७७ मध्ये, त्याने प्राचीन इमारतींच्या संरक्षणासाठी संस्था स्थापन केली होती. जुन्या चर्चना ‘मूळ रूपात’ आणण्याच्या नादात नंतरच्या शतकांचे काम खरवडून काढणाऱ्या वास्तुविशारदांविरुद्ध ती संस्था उभी राहिली. मॉरिसचे म्हणणे थोडक्यात असे होते की जीर्णोद्धाराच्या नावाखाली इमारतीचे आयुष्य पुसू नका. गळणारे छप्पर वेळीच शाकारा, खचणाऱ्या भिंतीला आधार द्या, आणि रोजच्या देखभालीने पडझड दूर ठेवा. त्याच पबच्या नावावरून पुढे शेजारी ‘डव्ह्ज’ हे छापखान्याचे नाव रूढ झाले, आणि भागीदाराशी झालेल्या भांडणातून त्या छापखान्याच्या मालकाने आपले अप्रतिम छपाईचे खिळे (धातूची अक्षरे) १९१६ च्या सुमारास हॅमरस्मिथच्या पुलावरून टेम्समध्ये टाकून दिले. त्यांतले दीडशेच्या आसपास खिळे २०१४ मध्ये नदीच्या तळातून वर काढण्यात आले. पबच्या इतिहासाशी याचा संबंध दूरचा आहे हे मान्य, पण या काठावर काय काय थरांत साठलेले असते, याची कल्पना त्यावरून येते.

मॉरिसचा विचार इंग्लंडच्या कायद्यात पोचला, पण अर्धाच पोचला, असे मला वाटते. इमारत यादीत आली की तिची आतली आणि बाहेरची दोन्ही अंगे संरक्षित होतात. आवारातल्या १ जुलै १९४८ पूर्वीच्या जोडबांधकामांनाही ते संरक्षण मिळते. अनेकांना फक्त दर्शनी भिंत संरक्षित आहे असे वाटते, तो गैरसमज आहे. मात्र १९५० च्या सुमारास केलेल्या यादीतल्या नोंदी बहुधा चार-दोन ओळींच्या असत आणि त्यांत मजले, खिडक्या, विटांचा रंग एवढेच लिहिलेले असे. आतला प्यूटरचा (कथिलाच्या मिश्रधातूचा) पत्रा चढवलेला आणि लाकडी पिंपांवर टेकवलेला लांब काउंटर, नदीकडचा सज्जा, पाण्यातले खांब यांचे महत्त्व अशा त्रोटक नोंदीतून कळत नाही, आणि बदलाचा अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्यासमोर जेव्हा हीच नोंद असते, तेव्हा न लिहिलेल्या गोष्टींची बाजू लंगडी पडते.

दुसरी त्रुटी अधिक गंभीर आहे. यादी विटा राखते, पण त्या विटांमध्ये चालणारे काम राखत नाही. त्यासाठी वेगळ्या कायद्यांची ठिगळे जोडावी लागली. २०११ च्या कायद्याने स्थानिक लोकांना एखादी जागा समाजाच्या मालमत्तेच्या यादीत नोंदवून ती विक्रीला निघाल्यास बोली लावण्यासाठी वेळ मागण्याचा हक्क दिला. २३ मे २०१७ पासून पब पाडायला किंवा त्याचा वापर बदलायला नियोजन परवानगी घेणे इंग्लंडभर बंधनकारक झाले. २०१८ च्या नियोजन धोरणात आणखी एक मोलाची भर पडली: आधीपासून चालणाऱ्या पबशेजारी नवी घरे बांधायची तर आवाजापासून बचावाची जबाबदारी घरे बांधणाऱ्याची असेल, पबची नसेल. वखारींच्या जागी सदनिका आलेल्या काठावर हा नियम भिंतीला दिलेल्या आधाराइतकाच आवश्यक आहे, कारण रात्री दहा वाजता सज्जावरच्या गप्पांबद्दल तक्रारी वाढत गेल्या तर एकही वीट न हलवता पब संपतो.

वापर गेला तरी इमारत उरते, मग एवढा आग्रह कशाला, असा आक्षेप घेतला जातो, आणि त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. ग्रिनिचची ‘ट्रॅफल्गर टॅव्हर्न’ ही जोसेफ के या वास्तुविशारदाने रचलेली १८३७ ची देखणी इमारत १९१५ मध्ये बंद पडली, खलाशांच्या संस्थेकडे गेली, पुढे कामगारांचा क्लब झाली आणि १९६५ मध्ये पुन्हा पब म्हणून उघडली. म्हणजे पन्नास वर्षांच्या खंडानंतरही धागा जोडता आला. पण त्या पन्नास वर्षांत तिथे लोक एकत्र येऊन बसतच होते, मोठ्या खोल्या मोठ्याच राहिल्या, नदीकडच्या खिडक्यांशी उभे राहायला कोणालाही मज्जाव झाला नाही. खासगी सदनिकांमध्ये विभागलेल्या इमारतीला असे परत फिरता येत नाही. तिच्या खोल्यांचे तुकडे होतात, सज्जाला कुलूप लागते आणि पन्नास वर्षांनी तिथे पब होता हे ऐतिहासिक स्थळांवर लावतात त्या निळ्या गोल पाटीवरून सांगावे लागते. प्रॉस्पेक्टच्या समोरच १८९० चे वॉपिंगचे जलशक्ती केंद्र आहे. दाबाखालचे पाणी नळांतून पाठवून ते लंडनमधली यंत्रे चालवत असे आणि १९७७ मध्ये ते थांबले. त्या यंत्रांचे काम संपलेच होते, त्यामुळे तिथे नवा वापर शोधणे भाग होते. पबचे काम मात्र संपलेले नाही, आणि जे संपलेले नाही ते जागेच्या भावासाठी संपवणे याला मी जतन म्हणू शकत नाही.

पब चालवणाऱ्यांची अडचणही खरी आहे. कोणताही कायदा लोकांना पबमध्ये यायला लावू शकत नाही. स्वयंपाकघर आजच्या नियमांना उतरले पाहिजे, चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्याला आत येता आले पाहिजे, आगीच्या वेळी बाहेर पडायला वाट हवी. हे बदल करू द्यायलाच हवेत, आणि थरांचा विचार मान्य केला तर ते करणे सोपे होते, कारण नवे काम नवे दिसण्यात काहीच कमीपणा उरत नाही. १९५१ मध्ये वरचा मजला उघडणाऱ्यांनी नदीशी असलेले इमारतीचे नाते अधिक मोकळे केले. आज लिफ्ट किंवा रॅम्प बसवणाऱ्यानेही तेवढेच पाहावे की आधीचे काम खरवडले जात नाही आणि पाण्याकडची वाट बुजत नाही. नदीकाठी सलग पायवाट हवी म्हणून नव्या इमारती पाण्यापासून मागे सरकवल्या जातात, ते सार्वजनिक हिताचेच आहे. पण त्यामुळे थेट पाण्यात पाय रोवून उभ्या असलेल्या इमारती विरळ होत चालल्या आहेत आणि ज्या उरल्या त्यांना अपवाद म्हणून जपणे भाग आहे.

थरांमध्ये कोणाचा थर दाखवायचा हेही ठरवावे लागते. प्रॉस्पेक्टच्या नदीकडच्या बाजूला सतराव्या शतकातल्या क्रूर न्यायाधीश जेफ्रीजच्या आठवणीचा म्हणून एक फाशीचा दोर लटकवलेला असतो आणि पाहुणे त्याची छायाचित्रे काढतात. समुद्री चाचांना फाशी देण्याचे ठिकाण, जिथे शेवटची फाशी १८३० मध्ये झाली, ते याच काठावर होते, त्यामुळे दोराला आधार नाही असे नाही. पण कोळशाच्या हमालांच्या नावाने तिथे काय आहे? पूर्व लंडनच्या गोद्यांमध्ये मुंबईहून निघणाऱ्या जहाजांवरचे रत्नागिरीकडचे आणि कोकणातले इतर खलाशी आणि गोव्याचे खानसामे उतरत असत. लाइमहाउसला अशा आशियाई खलाशांसाठी १८५७ मध्ये आसराघर उघडावे लागले, इतकी त्यांची संख्या आणि हाल मोठे होते. पबच्या बाकावर त्यांना जागा होती की नव्हती, हा प्रश्न विचारणारी एक पाटी दोराशेजारी लागली तर या वास्तूचा इतिहास अधिक खरा होईल, असे मला मनापासून वाटते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. नदीकाठच्या प्रत्येक जुन्या पबची यादीतली नोंद नव्याने लिहिली जावी. तिच्यात १५२० च्या दाव्याला दावा म्हणावे, आगीनंतरच्या आणि युद्धानंतरच्या कामाला सन्मानाने जागा द्यावी, आणि शेजारच्या पायऱ्या व पाण्यावरचा सज्जा इमारतीचाच भाग धरावेत. वापर बदलण्याच्या अर्जावर निर्णय देताना वास्तुसंरक्षण आणि वापराचे संरक्षण यांची सुनावणी एकत्र व्हावी. मुंबईने १९९५ मध्ये वारसा वास्तूंचे नियम केले तेव्हा श्रेणी लावण्याची पद्धत घेतली, आणि तिच्याबरोबर भिंत राखून आतले जगणे जाऊ देण्याची अडचणही आपल्याकडे आली. जुन्या इराणी हॉटेलांच्या बाबतीत ती आपण पाहिली आहे. वॉपिंगला निदान पायऱ्या अजून खुल्या आहेत. ओहोटीच्या वेळी कोणीही उतरून त्या खांबांपर्यंत जाऊ शकतो आणि कोणत्या शतकाने कुठे हात लावला ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहू शकतो.